बोटाएवढी जागा

शिवन्याच्या शिवारात मिरचीच्या तोड्याला वाकलेल्या बाया सरळ होताना एक हात कंबरेवर ठेवतात. माझ्या आईचा हात त्याहून जरा खाली, उजव्या खळीवर जायचा. "उसण भरली," म्हणत ती गल्लीतल्या पायाळू मावशीकडून पाय लावून घ्यायची. पुढं सिल्लोडला एक्स-रे निघाला, मणक्यात गॅप ठरला, पट्टा आला. ती जागा कुणी दाबून पाहिलीच नाही.

दुसऱ्या बाळंतपणानंतर मलाही नेमकं तिथंच दुखू लागलं. कुशीवर वळताना, एसटीच्या बाकावरून उठताना कळ मांडीच्या मागं उतरायची. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी फाईल बाजूला ठेवली. म्हणाले, "ताई, एका बोटानं दाखवा." बोट खळीच्या किंचित खाली, आतल्या अंगाला टेकलं. मग त्यांनी उताणं निजवून मांडी उभी धरली आणि गुडघ्यावरून खाली रेटा दिला. कंबरेची हाडं दोन्हीकडून दाबली. एक पाय टेबलाखाली लोंबता सोडायला लावला. अशा पाचेक चाचण्यांत तीनदा तरी ओळखीची कळ उठली, की संशय सॅक्रोइलियाक सांध्यावर येतो.

कण्याचं खालचं टोक कंबरेच्या हाडांत बसतं, तिथला हा सांधा. हलतो जेमतेम दोन-चार अंश, पण धडाचा सगळा भार त्यातूनच पायांत उतरतो. गरोदरपणात त्याचे बंध सैलावतात. जुनाट कंबरदुखीत 15 ते 30 टक्के वेळा मूळ इथं सापडतं. 1905मध्ये बॉस्टनच्या गोल्डथ्वेट आणि ऑसगुड या डॉक्टरांनी या सांध्यावर लिहिलं होतं. 1934मध्ये मिक्स्टर आणि बार यांनी मणक्यांमधली सरकलेली गादी दाखवली आणि सगळ्यांचं लक्ष गादीकडं वळलं. आमच्याकडं ते अजून तिथंच आहे, आणि "बायकांची कंबर दुखायचीच" हे वाक्यही. मला त्याची चीड येते.

मला थोडे दिवस गोळ्या, खुब्यांभोवती खाली बांधायचा पट्टा आणि पोटाच्या, नितंबांच्या स्नायूंचे व्यायाम यांनी उतार पडला. नाही पडला, तर एक्स-रेवर बघत सांध्यात भुलीचं औषध सोडतात. कळ लगेच ओसरली की निदानाला बळकटी येते. सोबत स्टेरॉइडही देता येतं. सांधा जखडायची शस्त्रक्रिया अगदी शेवटी.

तरण्या पोराची कंबर सकाळी अर्धा तास आखडत असेल आणि चालल्यावर मोकळी होत असेल, तर तो याच सांध्याचा संधिवात असू शकतो. त्याला एमआरआय लागतो. सोबत ताप असेल, तर क्षय किंवा ब्रुसेलाचा संसर्गही निघतो. गोठा असलेल्या, कच्चं दूध पिणाऱ्या घरांत हे ध्यानात ठेवावं. शेक देत न बसता आधी रक्त तपासून घ्यावं.