वगळलेल्यांचा कागद

कोरोनाच्या काळात हैदराबादेत सरकारी मदतीचं जे वाटप झालं, त्यात माझाही हात होता. मला पद नव्हतं, पगार नव्हता. आमच्या भागातल्या मजुरांची यादी तेवढी माझ्या हस्ताक्षरात होती. ती कारकुनी आहे असं समजून मी बसलो, आणि कोणाला मिळणार, कोणाला नाही हे ठरवून उठलो. त्यात जे चुकलं ते लिहितो आहे.

आम्ही काचीगुड्याचे. आमचं घराणं निजामाच्या काळापासून इथलंच. घरात मराठी, बाजारात दखनी, कामापुरती तेलुगू. नोकरी बँकेत केली आणि तिथूनच निवृत्त झालो. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा गल्लीतली पोरं शिजवलेलं अन्न वाटत फिरत होती. अडकलेल्या परप्रांतीय मजुरांची नावं महसूल खात्याच्या लोकांना द्यायची ठरली, तेव्हा ती पोरं माझ्याकडे आली. "काका, तुमचं अक्षर चांगलंय, आणि तुम्ही सगळ्यांशी बोलता." मला बरं वाटलं, हेही कबूल करतो.

पैसा तेव्हा दोन वाटांनी येत होता. केंद्राने 26 मार्चला 1 लाख 70 हजार कोटींची गरीब कल्याण योजना जाहीर केली होती. रेशनवर माणशी 5 किलो धान्य फुकट आणि जनधन खातं असलेल्या बायकांना तीन महिने दरमहा 500 रुपये. तेलंगणा सरकारने गरिबांच्या, म्हणजे इथल्या पांढऱ्या रेशनकार्डावर माणशी 12 किलो तांदूळ आणि कार्डामागे 1500 रुपये जाहीर केले. राज्यात अशी 87 लाख 59 हजार कार्डं होती. मजूर परराज्यातला असेल तर त्याला 12 किलो तांदूळ किंवा आटा आणि 500 रुपये मिळणार होते. कार्डवाल्यांची यादी सरकारी संगणकात तयार होती. परराज्यातल्या मजुरांची यादी मात्र वस्त्यावस्त्यांतून हातानेच करावी लागत होती. दिल्लीहून किंवा सचिवालयातून कितीही मोठा आकडा निघाला, तरी परराज्यातल्या मजुराच्या वाट्याला काय येणार हे या यादीतल्या एका ओळीवर ठरणार होतं.

ती ओळ मी बँकेच्या सवयीने लिहिली. नाव, वडिलांचं नाव, गाव, आधार, मोबाइल. आधारची झेरॉक्स मागितली. झेरॉक्सची दुकानं बंद आहेत हे मला दिसत होतं, तरी मागितली. आधार गावी राहिलेल्यांची, मुकादमाकडे अडकलेल्यांची नावं मी वेगळ्या कागदावर घेतली आणि वर लिहिलं, 'नंतर पाहू'.

अंबरपेटच्या बाजूला एका बांधकामावर नांदेड जिल्ह्यातली टोळी अडकली होती. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच मोबाइल नंबर सांगितला. नोकरीभर मी हे शिकलो होतो की एका नंबरावर चार खाती दिसली की थांबायचं. मी थांबलो. एक नाव ठेवलं, बाकीच्यांसमोर प्रश्नचिन्ह काढलं. टोळीत चालू फोन एकच होता आणि त्यावरच सगळ्यांच्या घरचे फोन येत होते, हे मी विचारलं असतं तर तिथल्या तिथे कळलं असतं. विचारलं नाही, कारण उत्तर मला आधीच माहीत आहे असं वाटत होतं.

बायकांच्या बाबतीत तर शंकासुद्धा घेतली नाही. नवऱ्याचं नाव ओळीत, आणि शेरा: 'सोबत पत्नी'. तीच बाई दिवसभर डोक्यावरून विटा आणि माल वाहत होती, मुकादमाकडे तिची हजेरी वेगळी लागत होती. मदत माणशी होती. माझ्या एका शेऱ्याने ती घराला एक झाली. त्या बायकांतल्या एकीने विचारलं होतं, "भाऊ, माझं नाव येगळं लागत नाही का?" मी म्हणालो, "एकाच घरातलं आहे, एकदाच लागतं." हा नियम कुठेही नव्हता. मी तो तिथे उभ्या उभ्या केला.

टोळीतला एक म्हातारा म्हणाला, "कार्ड गावाकडं हाय काका, पर आधार हाय. हितल्या रेशनवर काही भेटंल का?" मी सांगितलं, "गावचं कार्ड गावातच चालतं, बाबा." इतक्या ठामपणे सांगितलं की त्याने पुढे विचारलंच नाही. 1 जानेवारी 2020 पासून 12 राज्यांत एकमेकांची रेशनकार्डं चालू लागली होती, आणि महाराष्ट्र आणि तेलंगणा ही दोन्ही त्यात होती. कार्ड आधारशी जोडलेलं असलं की यंत्रावर अंगठा ठेवून इथल्या दुकानात केंद्राचं धान्य मागता येत होतं. अंगठा उमटला असता की नाही, दुकानदाराने दिलं असतं की नाही, हे पुढचं. मी त्याला दुकानापर्यंतही जाऊ दिलं नाही.

यादी वर गेली आणि तिच्यात नावं असलेल्यांना तांदूळ मिळाला. माझी पाठ थोपटली गेली. 'नंतर पाहू'चा कागद माझ्या फायलीतच राहिला. देशातली पहिली श्रमिक रेल्वे 1 मे 2020 रोजी आमच्याच शहराच्या लिंगमपल्ली स्थानकातून झारखंडच्या हटियाला सुटली. त्या बातमीने मला जाग आली. कागद घेऊन बांधकामावर गेलो, तर टोळी आधीच निघून गेली होती. वॉचमन म्हणाला, संगारेड्डीच्या रस्त्याने गेले, मदनूरवरून देगलूर गाठतो म्हणत होते. पायी निघाले होते.

तेव्हा मी स्वतःची समजूत घातली की बोगस नावं शिरली असती तर खऱ्या गरजूंचंच नुकसान झालं असतं. हे वाक्य ऐकायला चांगलं आहे. त्याची किंमत मात्र मी कधी मांडली नव्हती. एक खोटं नाव घुसलं असतं तर सरकारचे 12 किलो तांदूळ आणि 500 रुपये गेले असते. एक खरं नाव गळलं तर एका माणसाचं महिन्याचं पोट गेलं. बँकेत चुकीचं कर्ज बुडतं म्हणून सावध राहायचं असतं. इथे सावधपणाचा तोटा समोरच्याला होता आणि सावध असल्याचं समाधान मला.

एवढ्यावर शहाणपण यायला हवं होतं. आलं नाही. मे 2021 मध्ये, दुसऱ्या लाटेत, ओळखीतल्या एका बाईचा नवरा गेला. तपासणीत कोरोना निघाला होता, मृत्यू पंधरवड्याच्या आत झाला. दवाखान्याच्या कागदावर कारण होतं हृदयक्रिया बंद पडल्याचं. पुढे 30 जूनच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कोरोनाने गेलेल्यांच्या वारसांना सानुग्रह मदत देण्याचे निकष ठरवायला सांगितले, आणि सप्टेंबरात 50 हजारांची रक्कम ठरली. राज्य आपत्ती निधीतून ती द्यायची होती. त्या निधीत तीन वाटे केंद्राचे, एक राज्याचा. बाई मला विचारायला आल्या. मी कागद पाहिला आणि म्हणालो, "वहिनी, यात कोरोना लिहिलेलाच नाही. उगाच खेटे घालू नका."

मी निकाल वाचला नव्हता, निकषही वाचले नव्हते. तपासणीत कोरोना निघाल्यापासून 30 दिवसांच्या आत मृत्यू झाला तर तो कोरोनाचाच धरायचा, मग तो दवाखान्यात होवो की घरी, असं त्यात होतं. दाखल्यावर कोरोना लिहिलेला नाही एवढ्या कारणाने कोणत्याही राज्याने मदत नाकारू नये, असं न्यायालयाने 4 ऑक्टोबर 2021 रोजी पुन्हा बजावलं. वहिनींना हे कळलं ते मीसेवा या सरकारी सेवा केंद्रातल्या एका मुलीकडून, दुसऱ्याच कामाला गेल्या असताना. तोवर मुलाच्या फीसाठी पाटल्या मोडून झाल्या होत्या. पैसे आले, पण पाटल्यांनंतर. वहिनी मला काही बोलल्या नाहीत. फक्त त्यानंतर सल्ला विचारायला आल्या नाहीत.

असा कागद एकट्या वहिनींच्याच हातात नव्हता, हे आकड्यांवरून दिसतं. जानेवारी 2022 मध्ये न्यायालयापुढे माहिती आली तेव्हा तेलंगणातले अधिकृत मृत्यू चार हजारांच्या आत होते आणि मदतीचे अर्ज जवळपास 29 हजार. सगळे अर्ज खरे असतीलच असं नाही. पण दवाखान्याच्या कागदावरचं कारण शेवटचं मानलं असतं, तर त्यातले हजारो लोक दारातूनच परतले असते.

एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेलंगणात पूर्वी रद्द झालेल्या सुमारे 19 लाख रेशनकार्डांची प्रत्यक्ष पडताळणी करायला सांगितलं. ती कार्डं संगणकाच्या निकषांवर रद्द झाली होती. मी वहीत जे केलं, तेच यंत्र मोठ्या प्रमाणात करत होतं: कागद बघायचा, माणसाला विचारायचं नाही. फरक एवढाच की यंत्राला कोणीतरी तसं शिकवावं लागतं. मी आपणहून केलं.

उद्या पूर येईल, आणखी एखादी साथ येईल, आणि तुमच्यापैकी कोणाला तरी वही देऊन म्हणतील, "तुमचं अक्षर चांगलंय." तेव्हा एवढं करा. सरकारी आदेश स्वतः वाचा, ऐकीव नियम सांगू नका. शंका आली तरी नाव यादीत घ्या, शंका शेऱ्याच्या रकान्यात लिहा. ती पडताळायला वर पगारी माणसं आहेत. बाईचं नाव वेगळ्या ओळीत लिहा. ज्यांना वगळलं त्यांचीही यादी करा, प्रत्येकापुढे कारण लिहा, आणि ती भिंतीवर लावा, म्हणजे ज्याचं नाव गळलं तो स्वतः येऊन भांडेल. मी ती यादी फायलीत ठेवली, म्हणून माझ्याशी भांडायला कोणी येऊ शकलं नाही.