घरच्या फ्रिजमधले नमुने

१९८६ सालची गोष्ट. मद्रासमधल्या एका साध्या घरातल्या फ्रिजमध्ये रक्ताचे नमुने ठेवलेले होते. घर होते डॉ. निर्मला यांचे. मद्रास मेडिकल कॉलेजात त्या सूक्ष्मजीवशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यास करीत होत्या. नमुने होते देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे. ते साठवायची दुसरी चांगली सोय नव्हती, म्हणून ते घरी आले.

हे काम त्यांच्यावर सोपवले होते त्यांच्या प्राध्यापिका डॉ. सुनीती सोलोमन यांनी. मद्रासमध्ये स्थायिक होऊन चामड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी गायतोंडे कुटुंबातल्या त्या कन्या. एड्स हा पाश्चात्त्यांच्या स्वैर वागण्याचा रोग, आपल्या संस्कारी देशात तो कुठून येणार, असे तेव्हा शहाणीसुरती माणसेही म्हणत. सुनीतीबाईंना मात्र रक्त तपासूनच खात्री करून घ्यायची होती. तपासणीची सोय होती वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात. पतीला सोबत घेऊन निर्मला नमुने तिकडे घेऊन गेल्या. सहा नमुन्यांत एचआयव्हीची लागण आढळली. भारतातली ही पहिली नोंद.

बातमी पसरली आणि बोटे उठली ती त्या स्त्रियांकडेच. आपले रक्त कशासाठी घेतले, हेही त्यांना ठाऊक नव्हते. ‘वाईट चालीच्या लोकांचा रोग’ असे ठरवून घरंदाज माणसे निर्धास्त झाली. ती निर्धास्तीच पुढे महागात पडली.

१९९३ मध्ये सुनीतीबाईंनी वडिलांच्या नावाने एड्सविषयीचे संशोधन आणि शिक्षण करणारे केंद्र सुरू केले. तिथे येणाऱ्या बायकांपैकी बहुतेक जणी साध्या गृहिणी होत्या. नवऱ्याखेरीज कुणाशी त्यांचा संबंध आलेला नव्हता. लागण आली होती ती त्या नवऱ्याकडूनच.

हा विषाणू कुणाची चालचलणूक पाहून येत नाही. त्याच्या वाटाही मोजक्याच आहेत. लागण झालेल्या व्यक्तीशी निरोध न वापरता आलेला शरीरसंबंध, दूषित रक्त चढवणे, एकाने वापरलेली सुई किंवा सिरिंज दुसऱ्याने वापरणे, आणि आईकडून बाळाला, म्हणजे गर्भात, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून. हातात हात घेणे, एका ताटात जेवणे, एकच संडास वापरणे, खोकला किंवा डास यांनी तो पसरत नाही. तरीही कितीतरी घरांत आजाऱ्याची ताटवाटी वेगळी झाली. त्याला आजाराइतकेच त्या ताटवाटीचे दुःख झाले.

वाटा ठाऊक असल्या की त्या बंदही करता येतात. निरोधाचा नियमित वापर, प्रत्येकाला नवी सुई, परवानाधारक रक्तपेढीतले तपासलेले रक्त आणि गरोदरपणी चाचणी. सरकारी केंद्रांत ही चाचणी मोफत होते आणि गुप्त राखली जाते. २००४ पासून एआरटीची औषधेही सरकारतर्फे मोफत मिळतात. ती वेळेवर सुरू करून रोज घेतली तर माणूस कामधंदा करीत दीर्घ आयुष्य जगू शकतो. रक्तातले विषाणू चाचणीत न दिसण्याइतके कमी झाले आणि तसेच राहिले, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. उपचार घेणाऱ्या आईचे बाळही बहुधा लागणीपासून वाचते. २०१७ च्या कायद्याने संमतीवाचून चाचणी करायला आणि लागण झालेल्या माणसाशी नोकरीत, शाळेत किंवा दवाखान्यात भेदभाव करायला मनाई केली. त्या सहा जणींना जे कुणी विचारले नव्हते, ते आता विचारावेच लागते.

सुनीतीबाई लागण झालेल्या तरुण-तरुणींची लग्नेही जुळवून देत. दोन्हीकडे सारे उघड असे, लपवाछपवी नसे. २०१५ मध्ये त्या गेल्या.

इतर घरांतून लग्न ठरताना पत्रिका, पगार, गोत्र सगळे विचारले जाते. ‘दोघांनीही एकदा रक्त तपासून घेऊ या,’ एवढे म्हणताना मात्र जीभ अडखळते. लग्नानंतर तर ती अधिकच अडखळते. सुनीतीबाईंच्या केंद्रात आलेल्या त्या गृहिणींच्या घरीही हा विषय कधी निघाला नसेल.