घाटातला घोडा

तीन वर्षं रोज रात्री अकरा ते साडेअकरा मी पुरुष होते.

दचकू नका. प्रकरण तितकंसं सनसनाटी नाही. जेवणं झाली, भांडी सिंकमध्ये गेली, रूममेट गॅलरीत जाऊन बॉयफ्रेंडशी गुलुगुलु बोलायला लागली, की मी लॅपटॉप उघडून ऑनलाइन बुद्धिबळ खेळत बसायचे. दहा-दहा मिनिटांचे डाव. एक जिंकला की झोपायचं असं ठरवून बसायचं आणि तो एक जिंकेपर्यंत दीड वाजवायचा. व्यसनं सगळ्यांची सारखीच असतात, तुम्हाला काय सांगायचं!

सुरुवातीला मी स्वतःच्या नावानं खेळायचे. नाव, आडनाव, दात दाखवणारा फोटो, सगळं. खेळ तोच, पण डाव संपला की निरोप यायला लागायचे. हरलेल्यांचे जास्त. 'मुलगी आहेस म्हणून सोडलं.' 'नंबर दे, शिकवतो.' आणि माझा सगळ्यात 'फेवरिट' म्हणजे 'बॉयफ्रेंडला बसवलंयस का खेळायला?' पंधरावीस चाली डोकं फोडून एखाद्याचा वजीर अडकवावा आणि क्रेडिट कुणाला, तर अस्तित्वातच नसलेल्या बॉयफ्रेंडला! एका महाशयांनी तर माझं इन्स्टाग्राम शोधून काढलं, तिथं मैत्रिणीच्या लग्नातले फोटो लाइक केले आणि 'साडीत छान दिसतेस, पण एण्डगेम कच्चा आहे' असा अभिप्राय पाठवला. (एण्डगेम खरंच कच्चा आहे. पण तो मुद्दा नाही.)

शेवटी वैतागून मी अकाउंट बंद केलं आणि नवीन काढलं. नाव 'घाटातला घोडा'. फोटोच्या जागी सह्याद्रीचा एक कडा. आणि काय आश्चर्य, एकदम शांतता! फार तर 'वेल प्लेड, ब्रो'. कुणी 'ब्रो' म्हटल्यावर इतकं निवांत वाटू शकतं हे मला माहीतच नव्हतं. रेटिंगही वाढलं. सोळाशेच्या वर गेलं. त्या आकड्याचा मला किती अभिमान होता हे घरच्यांनाही सांगितलं नव्हतं. कारण मग सगळंच सांगावं लागलं असतं.

बुद्धिबळात मुलगी दिसली की खेळ दिसेनासा होतो, ही तक्रार माझ्यासारख्या हौशी भिडूची असती तर सोडून दिली असती. पण नागपूरच्या दिव्या देशमुखनं तेच लिहिलं होतं. जानेवारी 2024मध्ये नेदरलँड्समधल्या वाइक आन झे इथं टाटा स्टील स्पर्धा खेळून झाल्यावर. लोक मुलींचे डाव बघत नाहीत; कपडे, केस, बोलण्याची ढब असल्या गोष्टींवरच बोलत बसतात, असा तिच्या म्हणण्याचा मथितार्थ. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारतीय महिलांनी सुवर्ण जिंकलं. ती त्या संघात होती आणि आपला पुण्याचा अभिजित कुंटे संघाचा कर्णधार.

त्याही आधीची गोष्ट 1976ची. 'नवाकाळ'चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या तीन मुली, वासंती, जयश्री आणि रोहिणी, तिघीही बुद्धिबळपटू. वासंती 1974मध्ये देशातली पहिली महिला राष्ट्रीय विजेती झाली. आणि तेरा वर्षांची रोहिणी 1976मध्ये थेट पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. केवढा गदारोळ! प्रकरण हायकोर्टात गेलं. शेवटी जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष मॅक्स यूव्हे यांना सांगावं लागलं की बाईला राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून वगळता येणार नाही. पुढे 1981मध्ये रोहिणी आशियाई विजेती झाली. तेरा वर्षांची पोरगी हायकोर्टापर्यंत गेली आणि मी तीन निरोपांना कंटाळून घोडा झाले. असो.

तर 28 जुलै 2025. पहिला श्रावणी सोमवार. मला भीमाशंकरच्या गर्दीवर फीचर करायचं होतं. दुसरीकडे त्याच दिवशी जॉर्जियातल्या बाटुमीत महिला वर्ल्ड कपच्या फायनलचा टायब्रेक. दोन्ही खेळाडू भारतीय. एकीकडे दिव्या, वय एकोणीस. समोर कोनेरू हंपी, जी 2002मध्ये, म्हणजे दिव्याच्या जन्माच्याही आधी, ग्रँडमास्टर झालेली. शनिवार-रविवारचे दोन्ही डाव बरोबरीत सुटलेले. मी फोन दोनदा फुल चार्ज केला, पॉवरबँक घेतली, आणि मंचर-घोडेगाव मागे टाकून डिंभ्याच्या पुढं घाट चढायला लागलो तशी फोनची रेंज गायब!

वर धुकं असं की पुढचा माणूस छत्रीवरून ओळखायचा. गाड्या मंदिरापासून काही किलोमीटर अलीकडेच थांबवलेल्या. मी दर्शनाची रांग बघितली, चिमाजी आप्पांच्या वसईच्या विजयानंतर इथं आलेली ती पोर्तुगीज घंटा बघितली, भिजलेल्या चार भाविकांचे बाइट घेतले, आणि तीनच्या सुमाराला परत वाहनतळावर येऊन बसले. डोक्यात फक्त बाटुमी.

तिथं एका टेम्पोच्या हौद्यात, ताडपत्रीखाली, आठदहा ड्रायव्हर घोळका करून बसले होते. अशा घोळक्याजवळ आपण साधारणपणे जात नाही. पत्ते असणार, असं धरून चालतो. पण मधूनच आवाज आला, "मामा, घोडं गेलं तुमचं!" आणि माझे पाय थांबले.

प्लायवूडच्या तुकड्यावर रंगानं आखलेला पट. सोंगट्या दोन वेगवेगळ्या सेटमधल्या. काळ्या वजिराच्या जागी मोठा नट आणि एका घोड्याच्या जागी चक्क स्पार्क प्लग! सवारी सकाळी रांगेत जाते ती पाचपाच तास येत नाही. तेवढ्या वेळात करणार काय? मी टाचा उंचावून बघायला लागले. कुणीतरी सरकून जागा दिली. पाच मिनिटं कुणाला माझं काही पडलेलंही नव्हतं. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "उंटानं शह द्या ना!"

सगळे वळले. पांढऱ्या टोपीतले मामा माझ्याकडे बघून म्हणाले, "खेळाया येतं का ताई?"

"येतं थोडं."

"मग बसा की. लांबून काय बोलता."

बसले. पहिलीच चाल, राजापुढचं प्यादं दोन घरं. तोच गलका झाला. "ओ ताई, दोन घरं कुठं निघालात? गाडी पकडायचीय का?" इथं देशी नियम! प्यादं पहिल्यापासून एकेकच घर चालतं. आपल्यासारखा किल्लेकोट नाही. त्याऐवजी राजाला शह बसलेला नसेल तोवर एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते. आणि प्यादं पलीकडे पोचलं की हवं ते मिळत नाही, ज्या पट्टीत पोचलं तिथलाच मोहरा होतो. हत्तीच्या पट्टीत गेलं तर हत्ती. आजोबांकडून हे सगळं ऐकलं होतं, खेळले कधीच नव्हते. मी मोठ्या कष्टानं मामांच्या राजाभोवती जाळं विणलं आणि मामांनी शांतपणे राजा उचलून, घोड्यासारखा उडवून, लांब नेऊन ठेवला. वर मला म्हणतात, "दमलं होतं बिचारं, जरा फिरवून आणलं."

हरले. दुसरा डाव मांडला. आजूबाजूला नुसता कालवा. प्रत्येकजण दोन्ही बाजूंना सल्ले देतोय, चाल चुकली की सगळे मिळून हळहळतायत, एकजण माझं मेलेलं प्यादं हातात घेऊन त्याचं सांत्वन करतोय. तीन वर्षांत मी हजारांवर डाव खेळले असेन. त्यातला एकही कुणी बघितला नव्हता. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी 1941मध्ये नूतन बुद्धिबळ मंडळ काढलं; भाग्यश्री साठे, स्वाती घाटे यांच्यासारख्या मुली पुढे आल्या त्या सांगलीतून. तिथं पोरं उन्हाळ्याच्या सुट्टीत जाऊन बसायची म्हणे. मला नेहमी वाटायचं, एवढं काय असेल त्यात, खेळ तर दोघांचाच. त्या हौद्यात बसल्यावर वाटलं, खेळ दोघांचा कधीच नसतो.

दुसरा डाव मी जिंकले. मागून कुणीतरी अपेक्षित डायलॉग टाकलाच, "मामा, बाईमाणसाकडून मात?" मामांनी पटावरून नजरही उचलली नाही. "मात कुणाकडून झाली ते पटाला कळत न्हाय रं. तू कधी हरवलंस मला?" विषय संपला.

मग मी दिव्याचं सांगितलं. तिकडं जॉर्जियात आत्ता फायनल चालू असेल, दोघी आपल्याच, एक नागपूरची. एवढं म्हणायची खोटी, तो घोळका नागपूरवाला झाला. हंपीच्या बाजूनं फक्त एकजण, तोही केवळ वाद घालायला. पण निकाल कळणार कसा? एक तरुण क्लीनर म्हणाला, वरच्या वळणावरच्या दगडावर उभं राहिलं की रेंज येते कधीकधी. माझा फोन घेऊन गेला. रेनकोटात गुंडाळून. धुक्यात तो दिसेनासा झाला आणि मला पहिल्यांदा फोनची काळजी वाटली. पत्रकार झाले तरी शेवटी पुणेकर!

दोनदा हात हलवत रिकामाच आला. तिसऱ्यांदा गेला तो संध्याकाळी, अंधारून आल्यावर. आधी आवाज आला, मग माणूस दिसला.

"नागपूरची जिंकलीऽऽ!"

हौद्यात शिट्ट्या. ज्यांना दिव्या देशमुख हे नाव दोन तासांपूर्वी माहीत नव्हतं, ते एकमेकांना टाळ्या देत होते. वर्ल्ड कप जिंकणारी पहिली भारतीय स्त्री. स्पर्धेत उतरताना हातात ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म नव्हता आणि बाहेर पडली ती भारताची 88वी ग्रँडमास्टर होऊन. मी हे सगळं भडाभडा सांगत होते. मामा मात्र गप्प होते.

माझी बस लागली तसे ते जवळ आले. "ताई, माझी पोरगी सातवीला हाये. मीच शिकवलंय तिला. आता मलाच हरवती. गावात तिच्याशी खेळाया कुणी न्हाय. मी घरी असलो की माझ्या मोबाइलवर खेळती. तुमचं नाव सांगा, तुमच्याशी खेळंल."

मी बसच्या तिकिटामागे लिहून दिलं. त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन वाचलं. "घाटातला घोडा? हे तुम्हीच?"

"हो, मीच."

"न्हाई, म्हणजे..." ते अवघडले. "हे तर गड्याचं नाव वाटतंय. तिची आई न्हाय खेळू देणार. मागं एकजण कायबाय लिहायला लागला, तवापासून तिनं बंदच केलंय. बाईमाणूस असंल तरच खेळ म्हणती."

मला काही बोलता येईना. ज्या माणसांना टाळण्यासाठी मी घोडा झाले, त्यांच्याच रांगेत त्या पोरीच्या आईनं मला उभं केलं होतं. आणि तिचं काय चुकलं? मी तिकीट परत मागून घेतलं, घोडा खोडला आणि खाली माझं नाव लिहिलं. आडनावासकट.

त्या साइटवर नाव मला बदलता येत नव्हतं. नवीन अकाउंटच काढावं लागलं. म्हणजे सोळाशेचं रेटिंग गेलं, पुन्हा पहिल्यापासून चढायचं. खोटं कशाला सांगू, त्या रात्री कन्फर्मचं बटण दाबायला मी बराच वेळ लावला. फोटो लावला तोच, दातवाला. दोन दिवसांत पहिला 'हाय डिअर' आला. ब्लॉक केला. मग दुसरा. तोही. आता मी ते डास मारल्यासारखं करते. राग येतो, पण खेळताना लक्ष तिकडं जात नाही. निदान रोज जात नाही.

पंधरा दिवस झाले, तीन आठवडे झाले. मामा विसरले असतील किंवा तिकीट भिजलं असेल, असं मी धरून चालले. मग एका रविवारी रात्री साडेनऊला स्क्रीनवर आव्हान आलं. अनोळखी नाव, मुलीचं. तीस मिनिटांचा डाव. मी घेतला. पांढऱ्या सोंगट्या तिच्या.

तिनं राजापुढचं प्यादं एकच घर पुढं सरकवलं.

मीही एकच सरकवलं.