नऊ दिवसांचं मौन

चिनी कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा विषय निघाला की माझं मत तयार असे. जिथे मतपेटी नाही, मोकळी वर्तमानपत्रं नाहीत, तिथे कंपनी कुणाला भिणार? या मताला आधार होता. ३ जुलै २०१० रोजी फुजियान प्रांतात झिजिन मायनिंगच्या तांब्याच्या कारखान्यातून सुमारे ९,१०० घनमीटर आम्लयुक्त सांडपाणी तिंग नदीत गेलं. मासे ढिगांनी मेले. कंपनीने त्याची जाहीर वाच्यता केली १२ जुलैला. ते मधले नऊ दिवस मला कधीच पचले नाहीत, आजही पचत नाहीत.

तरी मत बदललं, ते मा जुन यांच्या कामामुळे. हे मूळचे पत्रकार. २००६ मध्ये त्यांनी बीजिंगला संस्था काढली आणि जलप्रदूषणाचा नकाशा लोकांसमोर ठेवला. पदरचा एकही आरोप त्यात नव्हता. सरकारी पर्यावरण खात्यांनीच ज्या कारखान्यांवर ठपका ठेवला होता, त्यांच्या विखुरलेल्या नोंदी त्यांनी एका जागी आणल्या. मग बड्या ब्रँडना विचारलं, या यादीतला कारखाना तुमचा माल बनवतो का? ॲपल पुरवठादारांची नावं सांगत नसे. २०११ मध्ये मा जुन यांच्या संस्थेने इतर चिनी संस्थांसह त्यावर अहवाल काढला, आणि २०१२ मध्ये ॲपलने पुरवठादारांची यादी जाहीर केली. पुढे ऑर्डर हातची जाईल या धास्तीने कारखानदार स्वतः या संस्थेकडे येऊ लागले, सांडपाण्याची व्यवस्था सुधारून त्रयस्थांकडून तपासणी करून घेऊ लागले.

मला हे फार मोलाचं वाटतं. कंपनीवर वचक फक्त मतदारच ठेवू शकतो, असं मी धरून चाललो होतो. इथे तो वचक सरकारी दप्तरातल्याच कागदांनी आणि गिऱ्हाइकाच्या एका प्रश्नाने बसला. खोट कंपनीच्या देशात शोधण्यापेक्षा माहिती कुणाकुणापर्यंत पोचते हे आता मी आधी पाहतो.

म्हणूनच झांबियाची घटना जास्त लागली. १८ फेब्रुवारी २०२५ रोजी सिनो-मेटल्स या चिनी मालकीच्या कंपनीचा खाणीतला विषारी गाळ साठवणारा बांध फुटला. आम्लयुक्त पाणी ओढ्यातून काफुए नदीत गेलं आणि किटवे शहराचा पाणीपुरवठा बंद करावा लागला. नुकसान मोजायला कंपनीनेच एक संस्था नेमली, पण तिचा अंतिम अहवाल येण्याआधी तिच्याशी केलेला करार रद्द केला. संस्थेने करार मोडला, असं कंपनी सांगते. असेलही. पण नदीत किती विष गेलं हे काठावरच्या शेतकऱ्याला कळायला त्या कराराची आडकाठी का असावी? चीनमधला कारखानदार ज्या नोंदींना वचकतो, तशाच नोंदी परदेशातल्या खाणींच्याही उघड करणं झांबियाने सक्तीचं करावं, आणि चीननेही आपल्या कंपन्यांना ते बंधनकारक करावं.