समुद्र वाटणीत गेला : पालघर जिल्ह्याची भूमी आणि माणसे

शहापूर-मुरबाड मार्गावरील किन्हवलीच्या बाजारपेठेत उभे राहिले असता समुद्राची आठवण होण्याचे काही कारण नाही. सभोवार भातखाचरे आणि पूर्वेस सह्याद्रीची रांग. तरीही 1 ऑगस्ट 2014 पर्यंत या गावाच्या जिल्ह्याला लांबलचक समुद्रकिनारा होता. त्या दिवशी ठाणे जिल्ह्याचे विभाजन झाले. उत्तन-भाईंदरची लहानशी पट्टी आणि खाड्या वगळता सारा किनारा नव्या पालघर जिल्ह्याकडे गेला. शहापूर आणि मुरबाड ठाण्यातच राहिले. नाते मात्र पाण्याने टिकवून ठेवले आहे. शहापूर तालुक्यातील तानसा नदी पश्चिमेस वाहत जाऊन वैतरणेस मिळते आणि वैतरणा अर्नाळ्याच्या उत्तरेस सागरार्पण होते.

पालघर हा राज्याचा 36वा जिल्हा. क्षेत्रफळ 5344 चौरस किलोमीटर, आठ तालुके आणि 2011च्या जनगणनेनुसार लोकसंख्या 29 लाख 90 हजार 116. हे आकडे पाहून कोणी सरासरी काढू लागला, तर फसगत ठरलेली. एकट्या वसई तालुक्यात 13 लाख 43 हजार, म्हणजे जिल्ह्यातील शंभरांपैकी पंचेचाळीस माणसे. तर मोखाडा तालुक्यात अवघी 83 हजार. जिल्ह्यात आदिवासींचे प्रमाण सुमारे 37 टक्के भरते, परंतु जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि तलासरी या तालुक्यांत ते दहापैकी नऊ आहे. ताळेबंदात एक मोठे खाते इतर साऱ्या खात्यांची स्थिती झाकून टाकते, तसाच हा प्रकार. 1992च्या सुमारास जव्हारजवळील वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा तो भाग मुंबईलगतच्या संपन्न ठाणे जिल्ह्यातच मोडत होता, हे विसरता येत नाही.

भूमीचे तीन पट्टे स्पष्ट दिसतात. पूर्वेस जव्हार-मोखाड्याचे डोंगर. मध्ये वाडा, विक्रमगडचा सखल प्रदेश, जेथील वाडा कोलम तांदूळ व्यापाऱ्यांना वेगळा सांगावयास नको. आणि पश्चिमेस रेल्वेमार्ग व समुद्र यांच्यामधील बागायती पट्टी. या पट्टीत वाडवळांच्या वाड्या, मांगेल्यांच्या वस्त्या, वसईकडे ख्रिस्ती सामवेदी, तर डहाणू-घोलवडकडे पारशी व इराणी बागायतदार आहेत. घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. 16 एप्रिल 2013 पासून उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत धावू लागली. पुढचे घोलवड हे महाराष्ट्रातील शेवटचे स्थानक. तेथे दुकानांतील बोलणे मराठीत सुरू होऊन गुजरातीत संपते आणि त्याचे कोणास नवल वाटत नाही.

सीमा मात्र जुनी नाही. 1960 पर्यंत उंबरगाव हा ठाणे जिल्ह्याचाच तालुका होता. राज्यनिर्मितीच्या वेळी त्यातील बरीचशी गावे गुजरातला गेली. महाराष्ट्रात राहिलेल्या भागाचा आजचा तलासरी तालुका झाला. लोकसंख्या 1 लाख 55 हजार आणि समुद्राशी संबंध झाई गावापुरता. रेषा नकाशावर पडली, परंतु सोयरीक पूर्वीसारखीच राहिली. रोजगारासाठी येथील तरुण पहाटे उंबरगाव, वापी आणि सिल्वासाच्या कारखान्यांकडे निघतात.

याच तालुक्यातील झरी गावी मे 1945 मध्ये वारल्यांची परिषद भरली. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगार नाकारण्याचा निर्धार तेथे झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाडा येथे झालेल्या गोळीबारात जेठ्या गांगड आणि अन्य वारली मृत्युमुखी पडले. लग्नासाठी घेतलेल्या अल्प कर्जापायी माणूस जन्मभर सावकाराचा गडी होत असे. गवत, लाकूड आणि सावकारी यांवर ज्या पेढ्या उभ्या राहिल्या, त्यांच्या इतिहासात हे पान सहसा लावलेले नसते.

आता प्रश्न वाढवणचा आहे. डहाणू तालुका 1991 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित झालेला, आणि त्याच तालुक्याच्या किनाऱ्याजवळ नैसर्गिक खोली सुमारे वीस मीटर. जून 2024 मध्ये 76 हजार 220 कोटी रुपयांच्या बंदरास केंद्राने मान्यता दिली. 30 ऑगस्टला पायाभरणी झाली. वाहतूक, गोदामे, जमीन यांचे हिशेब व्यापारी वर्गात सुरू झाले आहेत आणि ते स्वाभाविकही आहे. मच्छीमार वस्त्यांचा विरोध त्याहून जुना. ज्या पाण्यात त्यांची जाळी पडतात, तेथे भराव पडणार आहे. आणि त्या पाण्याचा सातबारा कोणाच्याच नावे नसल्याने त्याची भरपाई जमिनीप्रमाणे मोजता येत नाही.