एका मिलिमीटरचा तोरणा

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी चादरी अंथरल्या जातात. पितळी कुलुपं, घड्याळांचे पट्टे, बंद पडलेले रेडिओ आणि त्यांच्या गर्दीत कधीतरी काचेच्या पाच-सहा चकत्या: लेन्सचे फिल्टर. भोरहून नाहीतर वेल्ह्याहून पहिली एसटी पकडून आलेला हौशी फोटोवाला तिथेच उकिडवा बसतो. घरच्या कपाटात वडिलांचा झेनिट कॅमेरा सापडलेला असतो. नसतं ते लेन्सचं झाकण, हूड आणि फिल्टर.

"किती नंबरची लेन्स?"

तो लेन्सच्या कड्यावरचं वाचून सांगतो, "अठ्ठावन्न."

"मग हा घ्या. अठ्ठावन्नचाच आहे."

गाडं अडतं ते इथेच. झेनिटच्या हेलिओस ४४-२ या लेन्सवरचा ५८ हा फोकल लेंग्थचा आकडा. फिल्टर बसतो तो ४९ मिलिमीटरच्या आट्यांवर, आणि तो आकडा जुन्या लेन्सवर बहुधा लिहिलेलाच नसतो. म्हणून जाणकार गिऱ्हाईक लेन्स बरोबर नेतं, फिल्टर तिथेच दोन फेरे फिरवून बघतं. बोटाच्या जोरावर सरळ बसला तर ठीक. वाकडा चढला तर मऊ अॅल्युमिनियमचे आटे मरतात. फिल्टर ५२चा असेल तर ४९ ते ५२ची स्टेप-अप रिंग लावून भागतं. उलट, लहान फिल्टर मोठ्या लेन्सवर चढवला की फोटोचे कोपरे काळे पडू शकतात. ५० मिलिमीटरच्या लेन्सचा लांब हूड २८च्या लेन्सला लावला तरी तीच गत.

याशिका मॅट १२४जी या कॅमेऱ्याचा मामला वेगळाच. तिच्या लेन्सला बे-वन पद्धतीची खाच आहे. फिल्टर अडकवून थोडासा वळवायचा की बसला. आट्यांचा फिल्टर तिला थेट लागत नाही.

"चालवून घ्या हो" हा बाजाराचा मंत्र झाकणापुरता ठीक आहे. एका कॅमेऱ्याची लेन्स दुसऱ्याला जोडणाऱ्या अॅडॅप्टरला तो चालत नाही. झेनिटची एम४२ आट्यांची लेन्स फिल्मपासून ४५.४६ मिलिमीटरवर बसावी लागते. निकॉनच्या बॉडीत हे अंतर ४६.५ आहे. साध्या, बिनकाचेच्या अॅडॅप्टरने ती लेन्स निकॉनला लागते खरी, पण एका मिलिमीटरहून जरा जास्तच पुढे राहते. एवढ्याशा फरकाने ५८च्या लेन्सचा फोकस साधारण तीन मीटरपलीकडे जातच नाही. राजगडाच्या संजीवनी माचीवर सोबत्याच्या मिशीचा केस न् केस उमटतो आणि त्याच्या मागचा १४०३ मीटर उंचीचा तोरणा, बुधला माचीसकट, पिठूळ होऊन जातो. तीच लेन्स पेंटॅक्सच्या के-माउंट बॉडीवर योग्य रिंगने बसवली तर गड जागच्या जागी येतो, कारण तिथे अंतर तेवढंच, ४५.४६.

फिल्टरची खरी गंमत कृष्णधवल फिल्ममध्ये. वरंध घाटात पावसाने उघडीप दिली की निळं आभाळ आणि पांढरे ढग फोटोत एकाच राखाडी रंगाचे होऊन बसतात. पिवळा फिल्टर निळाई जराशी दाबतो आणि ढग सुटे होतात. लाल फिल्टर आभाळ जवळजवळ काळंच करतो. पण पिवळा एक स्टॉप उजेड खातो आणि लाल तीन. घाटातल्या वाऱ्यात कॅमेरा हातात धरून फोटो काढायचा असेल, तर शंभर आयएसओच्या फिल्मला पिवळाच परवडतो; लाल घेणाऱ्याने ट्रायपॉडही पाठीवर वाहावा.