कर्ण्यासमोर कोणाला आणायचे?

१/ ऑक्टोबर १९०२च्या अखेरीस फ्रेड गायस्बर्ग कलकत्त्यास पोहोचला, तेव्हा हिंदुस्थानी संगीत त्याला सर्वस्वी अपरिचित होते. तरीही या देशातील कोणता आवाज तबकडीवर उमटावा, हे ठरविण्याचे काम त्याच्याकडेच होते.

२/ कलावंत शोधणाऱ्याचे वेगळे पद त्या काळी नव्हते. गायस्बर्ग मूळचा वॉशिंग्टनचा पियानोवादक. एमिल बर्लिनरकडे तो ध्वनिमुद्रण शिकला आणि १८९८ साली लंडनला ग्रामोफोन कंपनीत आला. यंत्र मांडणे, साथ करणे, बिदागी ठरविणे, सारे त्याच्याच अंगावर. १९०२च्याच एप्रिलमध्ये मिलानला कारुसोने दहा गाण्यांचे शंभर पौंड मागितले. रक्कम अवाजवी आहे, मुद्रण करू नये, अशी लंडनहून तार आली. ती न जुमानता आपण मुद्रण केले, असे तो सांगतो.

३/ मिलानमध्ये त्याला स्वतःच्या कानावर विसंबता आले. कलकत्त्यात तो कानच निरुपयोगी ठरला. तेथील इंग्रज प्रतिनिधींना विचारावे, तर ते जणू दुसऱ्या ग्रहावर राहत असल्यासारखे देशी संगीताविषयी उदासीन! अखेर पोलिसांनी एक अधिकारी सोबत दिला आणि त्याच्याबरोबर नाटकगृहे व मैफली पाहणे सुरू झाले. एका प्रचंड संगीतपरंपरेचा प्रवेशमार्ग पोलिसाने दाखवावा, ही विसंगती लहान नव्हे.

४/ ८ नोव्हेंबरला पहिले मुद्रण झाले ते क्लासिक थिएटरच्या शशिमुखी आणि फणिबाला या दोन कोवळ्या मुलींचे. त्यांचे आवाज गायस्बर्गला मुळीच रुचले नाहीत. पण कुलीन घरातील स्त्रीने चारचौघांत गाणे त्या काळी अशिष्ट मानले जाई. त्यामुळे कर्ण्यात तोंड घालून गायला आल्या त्या रंगभूमीवरच्या मुली आणि तवायफा. समाजाने ज्यांना उंबऱ्याबाहेर ठेवले, त्यांचेच आवाज सर्वांत आधी जतन झाले. याचे श्रेय गायस्बर्गच्या पारखीला देणे कठीण आहे.

५/ तीन दिवसांनी गौहर जान आली, उंची वस्त्रे व दागिने लेऊन. तिला कोणी शोधण्याची गरजच नव्हती. तिची कीर्ती आधीच दूरवर पसरली होती. सुमारे तीन मिनिटांत राग मांडायचा, ही यंत्राची अट तिने सहज पेलली. गाणे संपताच ती इंग्रजीत स्वतःचे नाव खणखणीत उच्चारी. मेणाच्या मूळ तबकड्या जर्मनीत हॅनोवरला जात. गाणारी कोण, हे तिथल्या कारागिरांना कळावे, एवढाच त्यामागचा हेतू होता.